फक्त एक सही बाकी

खटपट्या माणूस ओळखायला अवघड नाही. तो भेटतो तेव्हा काम झाल्यात जमा असतं. जागा बघून झालेली असते, पार्टी तयार असते, पैसा घालणारा शेठ त्याच्या शब्दाबाहेर नसतो. फक्त एक सही बाकी असते. ही सही मागच्या दिवाळीतही बाकी होती आणि पुढच्या दिवाळीतही असणार, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक असतं. बायको कंटाळलेली, साडू तोंड चुकवणारा, बँकेतला मॅनेजर त्याला बघून फोन कानाला लावणारा. तरीही टपरीवर चहाचे पैसे हटकून तोच देतो. ते कुठून येतात, हे त्याच्या शत्रूंनाही कधी शोधून काढता आलेलं नाही.

या जमातीचा मूळपुरुष कोण, असं मला कुणी विचारलं तर मी फ्रँक होम्सचं नाव घेईन. मूळपुरुष अशासाठी की बाकीच्यांच्या सह्या बाकी राहतात. याच्या सह्या झाल्या. एक नाही, चार. आज ज्या वाळूवर काचेचे मनोरे उभे आहेत त्यातल्या बऱ्याचशा वाळूचा करार एके काळी या माणसाच्या बॅगेत होता, आणि तो करार कुणी फुकट घ्यायलाही तयार नव्हतं.

होम्स जन्मला न्यूझीलंडमध्ये, १८७४ साली. धंदा खाणींचा. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, मलाया, मेक्सिको, जिथं म्हणून जमिनीत भोक पाडून काही निघण्याची शक्यता होती तिथं हा जाऊन आलेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या पुरवठा खात्यात शिरला आणि मेजर होऊन बाहेर पडला. 'मेजर' मग आयुष्यभर नावाला चिकटलं. १९१८ साली मेसोपोटेमियातल्या फौजेसाठी गोमांस खरेदी करायला तो अदिस अबाबाला गेला होता. तिथं एका अरब व्यापाऱ्यानं बोलता बोलता सांगितलं, की आखाताच्या अरब किनाऱ्यावर जमिनीतून तेल झिरपतं. दुसऱ्या कुणी 'हो का' म्हणून मांसाचा भाव पुढं विचारला असता. होम्सच्या डोक्यात किडा वळवळला तो कायमचा. १९२० साली लंडनमध्ये 'ईस्टर्न अँड जनरल सिंडिकेट' नावाची कंपनी निघाली. नाव बघा. पूर्वेकडचं काहीही आणि एकूणच काहीही! खटपट्याची कंपनी काय करते हे तिच्या नावावरून कधीच कळत नाही, आणि तशी सोय मुद्दाम ठेवलेली असते. तेलासाठी जन्मलेल्या या कंपनीनं पहिलं काय काढलं असेल, तर एडनला औषधाचं दुकान. मोठं काम होईपर्यंत हातखर्च सुटायला हवा ना.

आता होम्सचं चित्र पुरं व्हायला त्याच्या समोर बसणारा साहेबही काढावा लागेल. खटपट्याच्या प्रत्येक गोष्टीत टेबलाच्या पलीकडे एक साहेब असतोच.

आखाताचा साहेब बसायचा इराणच्या किनाऱ्यावर, बुशेरला. हुद्दा पोलिटिकल रेसिडेंट. त्याच्या हाताखाली बहारीन, कुवेत, मस्कत इथं पोलिटिकल एजंट. १८७३ पर्यंत हा सगळा पसारा आपल्या मुंबई सरकारच्या दफ्तरात होता. पुढं हिंदुस्थान सरकारकडे गेला तरी वळण तेच राहिलं. टपाल हिंदुस्थानचं (आपल्याच तिकिटांवर 'कुवेत', 'बहारीन' असा शिक्का छापून ती तिथं विकायचे), नाणं आपला रुपया, आगबोट मुंबईहून बसऱ्याला जाणारी, आणि फाईल ठेवायची पद्धतही अर्थातच आपली. या शेवटच्या गोष्टीबद्दल अरबांनी आपल्याला अजून माफ केलं असेल असं वाटत नाही.

या साहेबाचं मुख्य काम काही करणं हे नव्हतं. दुसऱ्या कुणी काही करत नाही ना, हे पाहणं हे त्याचं काम. १८१९ मध्ये मुंबईहून आरमार गेलं, त्यानं रास अल-खैमा फोडलं, आणि १८२० साली किनाऱ्यावरच्या शेखांकडून पहिला तह लिहून घेतला. त्यात मुख्यतः समुद्रावर लूटमार करायची नाही असं होतं. ते ठीक होतं. पण एकदा लिहून घ्यायची गोडी लागली की हात थांबत नाही. १८९२ साली लिहून घेतलं की दुसऱ्या कुठल्याही राजसत्तेशी बोलायचं नाही. १८९९ मध्ये कुवेतच्या शेख मुबारककडून घेतलं की इंग्रजांना विचारल्याशिवाय वीतभर जमीन कुणाला द्यायची, विकायची, गहाण टाकायची नाही. मग आलं तेल. १९१३ साली इंग्रजी आरमार कोळशावरून तेलाकडे वळत होतं, अ‍ॅडमिरल स्लेड तेलाची पाहणी करत आखातात फिरत होते. मुबारकनं ऑक्टोबरात पत्र दिलं, की अ‍ॅडमिरलसाहेबांना जागा दाखवतो, आणि तेल निघण्यासारखं असलं तर सरकार नेमून देईल त्याच माणसाला ते काढायची सवलत देईन, इतर कुणालाही नाही. १९१४ मध्ये बहारीनच्या शेखांनी तसंच लिहून दिलं, १९२२ मध्ये ट्रूशियल किनाऱ्यावरच्या, म्हणजे आजच्या अमिरातींच्या, शेखांनी.

एवढी पत्रं गोळा केल्यावर सरकारनं खणायला कुणाला पाठवलं? कुणालाही नाही. सरकारची स्वतःची तेलकंपनी होती, अँग्लो-पर्शियन. इराणात मस्जिद-इ-सुलेमानला १९०८ साली लागलेल्या तेलावर ती उभी राहिली होती आणि १९१४ पासून निम्म्याहून जास्त मालकी इंग्लंडच्या सरकारचीच होती. तिचे भूशास्त्रज्ञ म्हणायचे, पलीकडच्या अरब किनाऱ्यावर काही नाही. मग दुसऱ्या कुणाला बघू द्या? छे! काही नाही हे खरं, पण असलं तर?

हा साहेब आपल्या ओळखीचा आहे. मोकळा प्लॉट पंचवीस वर्षं आरक्षणाखाली ठेवणारा, त्यावर शाळा न बांधणारा, आणि पोरं क्रिकेट खेळायला लागली की नोटीस काढणारा. त्याला दुष्ट म्हणवत नाही. त्याच्या हातून कधी काही चुकलेलं नसतं, कारण त्याच्या हातून कधी काही झालेलंच नसतं.

या दोघांची पहिली मोठी गाठ पडली १९२२ च्या नोव्हेंबरात, उकैर इथं. उकैर म्हणजे अल-हसाच्या, आजच्या सौदी अरेबियाच्या पूर्व, किनाऱ्यावरचं धक्क्यासारखं एक ठिकाण. नज्दचा सुलतान इब्न सौद एका बाजूला, इराक आणि कुवेत दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बगदादहून आलेले हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स. (होम्सला मी अरे-तुरे करतोय आणि कॉक्सना 'आलेले' म्हणतोय, हे माझ्याही लक्षात आलंय. काही माणसं पन्नास फुटांवरूनच आपल्याकडून आदरार्थी बहुवचन काढून घेतात.) वाळवंटात तंबू पडले होते. सरहद्दी ठरवायच्या होत्या; आणि ज्या टोळ्या पावसामागं उंट घेऊन हिंडतात त्यांना सरहद्द म्हणजे काय हे समजावून सांगणं कुणालाच जमत नव्हतं.

तिथं होम्स हजर. बोलावलं कुणी नव्हतं. त्याचा त्या वेळचा पोशाख अमीन रिहानी या अरब-अमेरिकन लेखकानं आणि इतरांनी लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळतो. आत साहेबी कोट-पाटलोण. वरून पातळ अरबी अबा. आतलं सगळं दिसावं इतका पातळ. डोक्यावर बुचाची हॅट, तिच्यावर अरबी रुमाल, त्यावर अगालचं वेटोळं. म्हणजे मूळ डोकं आत कुठंतरी. हातात पांढरी छत्री, तिला आतून हिरवं अस्तर. आणि बरोबर सामानाच्या पेट्याच पेट्या. इकडं कसे काय, असं कुणी विचारलं की सांगायचा, फुलपाखराच्या शोधात आहे. 'कतीफची काळी राणी' नावाचं एक दुर्मीळ फुलपाखरू!

थापेचाही एक दर्जा असतो. 'हवापालट' म्हणाला असता तर कुणी दोनदा विचारलं असतं. पण त्या उन्हात, त्या हॅटखाली, जिथं औषधाला हिरवं पान नाही अशा जागी फुलपाखरू शोधणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न काय विचारणार? कॉक्ससाहेबांना अर्थातच सगळं ठाऊक होतं. होम्सलाही ठाऊक होतं की साहेबांना ठाऊक आहे. दोघं एकाच तंबूत जेवत होते.

सरहद्दीचं घोंगडं काही दिवस भिजत पडल्यावर कॉक्सना राग आला. त्यांच्या हाताखालचे अधिकारी हॅरॉल्ड डिक्सन तिथं होते. त्यांनी लिहून ठेवलंय की साहेबांनी सुलतानाला शाळेतल्या पोराला झापावं तसं झापलं, मग लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर आखाताच्या किनाऱ्यापासून रेघ ओढली. कुवेतचा मोठा तुकडा नज्दला गेला, नज्दनं सांगितलेला मोठा तुकडा इराकला. जिथं काहीच जमेना तिथं एकेक चौकट आखून 'दोघांची मिळून' असं ठरवून टाकलं. संध्याकाळी इब्न सौदनं कॉक्सना एकट्याला बोलावलं आणि, माझं अर्धं राज्य नेलंत, म्हणून रडू लागला. आणि डिक्सन सांगतात, कॉक्सनाही रडू आलं. अर्धं राज्य ज्यानं काढून घेतलं तोही रडतोय, ही मुत्सद्देगिरीची फार वरची पायरी झाली.

रडून झाल्यावर कामाचं. होम्सला कॉक्सनी सांगितलं, घाई करू नका, वेळ आलेली नाही. आणि एक पत्र स्वतः तयार करून इब्न सौदपुढं ठेवलं: 'मेजर होम्स यांस, आमच्या मित्र सरकारचा सल्ला घेतल्याखेरीज आम्ही तुम्हाला तेलाची सवलत देऊ शकत नाही' अशा अर्थाचं. पत्र सुलतानाचं, मजकूर साहेबांचा. इब्न सौदनं आढेवेढे घेतले आणि सही केली.

सह्यांच्या गोष्टीत ही एक उलटी सही. दुसरा कुणी खचला असता. खटपट्या खचत नाही, कारण खचायला मन एका जागी असावं लागतं. याचं मन पुढच्या भेटीच्या तारखेत असतं. इब्न सौदला इंग्रजांकडून मिळणारा तनखा आता आटत चालला होता, त्याचं राज्य वाढत होतं, त्याला रोकड हवी होती, आणि होम्स वर्षाला दोन हजार पौंड भाडं द्यायला तयार होता. मे १९२३ मध्ये अल-हसाची सवलत होम्सच्या सिंडिकेटला मिळाली. साहेबांनी लिहून घेतलेलं पत्र कुठल्यातरी फाईलमध्ये व्यवस्थित नंबर टाकून ठेवलेलं होतंच. पुढच्या वर्षी 'दोघांची मिळून' असलेल्या चौकटींपैकी कुवेतकडच्या चौकटीचीही सवलत होम्सनं मिळवली. कॉक्सना ज्या जागेचं काय करावं हे सुचलं नव्हतं, ती यानं भाड्यानं घेतली.

मग तज्ज्ञ आला. सिंडिकेटनं स्वित्झर्लंडहून डॉ. आर्नोल्ड हाईम या नामांकित भूशास्त्रज्ञाला १९२४ साली आणलं. त्यांनी सगळा पूर्व किनारा हिंडून अहवाल दिला, की इथं तेलासाठी खणण्याजोगं निश्चित असं काही दिसत नाही. म्हणजे जगातले सर्वांत मोठे तेलसाठे ज्या जमिनीखाली पुढं सापडले, तिच्यावर उभं राहून. हाईम काही लेचापेचा माणूस नव्हता. वर दिसणारे खडक त्यानं नीट वाचले होते; तेल होतं खाली, वरून न दिसणाऱ्या घुमटांमध्ये. होम्सला मात्र तेल वासानं कळतं असा होम्सचा स्वतःचा समज होता. असा समज असलेले शंभरातले नव्याण्णव लोक कर्जात मरतात, म्हणून हाईमला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सिंडिकेटचे पैसे संपले. अल-हसाचं भाडं दोन वर्षं भरलं, पुढं थकलं. होम्सनं लंडनमध्ये आपले करार दारोदार फिरवले. अँग्लो-पर्शियननं नाक मुरडलं. इतरांनी तेही कष्ट घेतले नाहीत. बॅगेत हजारो चौरस मैल जमीन आणि खिशात बोटीच्या तिकिटाची विवंचना, ही अवस्था ज्यानं एखादा तरी खटपट्या जवळून पाहिलाय त्याला नव्यानं सांगायला नको.

पण याच पडत्या काळात होम्सनं जे केलं ते मला त्याच्या सगळ्या कारभारात पहिल्या नंबरचं वाटतं. बहारीनला गोड्या पाण्याची ददात होती. चमत्कार असा, की बेटाभोवतीच्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. माणसं पखाली घेऊन खाऱ्या पाण्यात बुडी मारायची आणि तळाशी झऱ्याच्या तोंडावर पखाल धरून गोडं पाणी वर आणायची. मोत्यांसाठी बुडी, आणि पाण्यासाठीही बुडीच. शेख हमदला विहिरी हव्या होत्या. हे काही गुपित नव्हतं; साहेबाच्या कचेरीच्या खिडकीतूनही त्या पखाली दिसत असणार. पण पाणी हा विषय कचेरीच्या कुठल्याच तहात बसत नव्हता. होम्सला विंधणं येत होतं. तो म्हणाला, तेलाचं राहू द्या, आधी पाणी बघू. यंत्र आणलं, विहिरी पाडल्या, पाणी लागलं. आणि २ डिसेंबर १९२५ रोजी शेखनं बहारीनच्या तेलाची सवलत होम्सच्या हातावर ठेवली. शंभर वर्षं पत्रं लिहून घेणाऱ्यांपैकी कुणी शेखला 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारलं होतं की नाही, कोण जाणे. दफ्तर चाळलं तर सलामीच्या तोफा किती यावर भरपूर कागद मिळतील. विहिरींवर कमी.

करारातली रक्कम रुपयांत होती. तेल निघालंच तर टनाला साडेतीन रुपये, म्हणजे तीन रुपये आठ आणे. तेव्हा हा आकडा हवेतला होता. बहारीनचा खरा पैसा मोत्यांत होता, आणि त्या मोत्यांचा बाजार होता मुंबईत. आखातातले मोतीवाले हंगाम संपला की मुंबईला येत, कित्येकांच्या इथं पेढ्या होत्या. १९२९ नंतर जपानी कल्चर मोती आणि जागतिक मंदी यांनी मिळून तो धंदा बसवला, तेव्हा साडेतीन रुपयांच्या त्या ओळीकडे बहारीनमध्ये सगळ्यांचं लक्ष गेलं.

होम्स मधल्या काळात अमेरिकेत जाऊन आला होता. १९२७ मध्ये गल्फ ऑईल कंपनीनं त्याचे करार घेतले. आता फक्त एक सही... पण लाल पेन्सिल पुन्हा आडवी आली. जुलै १९२८ मध्ये मोठमोठ्या तेलकंपन्यांनी आपसांत ठरवून जुन्या तुर्की साम्राज्याभोवती लाल रेघ मारली, आणि तिच्या आत एकट्यानं कुणी खणायचं नाही असं एकमेकांना लिहून दिलं. (लिहून देण्याची लागण आता साहेबांकडून कंपन्यांना झाली होती.) गल्फ त्या टोळक्यात होती, बहारीन रेघेच्या आत होतं. कुवेत मात्र नशिबानं बाहेर. गल्फनं बहारीन स्टँडर्ड ऑईल ऑफ कॅलिफोर्नियाला देऊन टाकलं आणि कुवेत हातात ठेवलं.

इथं साहेब पुन्हा जागे झाले. कंपनी अमेरिकन? शेखांनी इतकी पत्रं काय अमेरिकनांसाठी दिली होती? खणणारा ब्रिटिशच हवा! बरंच कागदी रण माजल्यावर तोडगा निघाला तो ज्यानं काढला त्याला माझा नमस्कार. कॅलिफोर्नियावाल्यांनी बहारीनची कंपनी कॅनडात नोंदवली. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात. म्हणून कंपनी ब्रिटिश. भांडवल अमेरिकन, यंत्रं अमेरिकन, विंधणारे अमेरिकन, पाटी ब्रिटिश. शिवाय कंपनीचा बहारीनमधला मुख्य प्रतिनिधी सरकारच्या पसंतीचा हवा, अशी अट घालण्यात आली. आणि सरकारनं पहिला प्रतिनिधी म्हणून कुणाला पसंत केलं असेल? ज्यानं किनाऱ्यावर पाऊल टाकू नये म्हणून साहेब इतकी वर्षं झटले, त्याच मेजर फ्रँक होम्सला. आता तो निदान ओळखीचा होता.

१९३१ च्या ऑक्टोबरात जबल दुखान नावाच्या टेकाडापाशी खणायला सुरुवात झाली आणि १९३२ च्या उन्हाळ्यात तेल लागलं. आखाताच्या अरब बाजूचं पहिलं तेल. ज्या तज्ज्ञांनी 'इथं काही नाही' म्हटलं होतं ते सगळे एका रात्रीत 'आम्ही म्हणतच होतो' या पक्षात गेले. अरब होम्सला म्हणू लागले 'अबू नफ्त', तेलाचा बाप.

पण त्याच टेकाडावरून पलीकडे सौदी किनाऱ्याचे घुमट दिसतात, आणि ते घुमट होम्सच्या हातातून कधीच निसटले होते. भाडं थकल्यामुळे अल-हसाची सवलत १९२८ मध्येच रद्द झाली होती. १९३३ साली नव्या सवलतीसाठी जेद्दाला दरबार भरला तेव्हा होम्सही डोकावला. पण इब्न सौदला त्याचं तोंड पाहताच थकलेलं भाडं आठवलं, आणि होम्स आल्या बोटीनं परत. सवलत कॅलिफोर्नियावाल्यांनी नेली. जेद्दातल्या बँकेत पस्तीस हजार सोन्याच्या मोहरा टेबलावर एकेक करून मोजून दिल्या गेल्या. त्यांचा तिथला छुपा सल्लागार होता सेंट जॉन फिल्बी, आपल्या आय.सी.एस.मधून निघून मुसलमान झालेला साहेब. त्याचं व्यक्तिचित्र वेगळं लिहावं लागेल आणि त्याला होम्सच्या दुप्पट कागद लागेल.

कुवेतचा मामला मात्र होम्सनं तडीस नेला, आणि तिथं त्याला त्याचा गुरू भेटला: शेख अहमद अल-जाबेर. एकीकडे गल्फतर्फे होम्स, दुसरीकडे अँग्लो-पर्शियनतर्फे तरुण आर्चिबाल्ड चिझम. (याच चिझमनं पुढं या एका करारावर अख्खं पुस्तक लिहिलं.) दोघं त्या मातीच्या गावात एकमेकांना रोज भेटत, हसून बोलत आणि पाठ वळली की शेखच्या दिवाणखान्याकडे वळत. शेख दोघांनाही कॉफी देई. माल एक आणि गिऱ्हाइकं दोन असली की घाई विकणाऱ्यानं करायची नसते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मोत्यांच्या व्यापाऱ्यांतच तो वाढलेला. वर्षामागून वर्ष गेलं. लंडनमध्ये पुन्हा 'ब्रिटिशच हवा'चा घोष झाला, पण गल्फ कंपनी ज्या घराण्याची त्याच घराण्यातले अँड्र्यू मेलन १९३२ साली अमेरिकेचे राजदूत होऊन लंडनलाच आले, आणि घोष हळू झाला. अखेर डिसेंबर १९३३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी शहाणपणानं भांडण मिटवून निम्मी-निम्मी भागी केली. आता गिऱ्हाईक एकच उरलं, शेखची पंचाईत झाली, असं वाटून होम्स आणि चिझम हातात हात घालून दिवाणखान्यात गेले. तर शेखनं तोवर ट्रेडर्स लिमिटेड नावाचं तिसरं ब्रिटिश गिऱ्हाईक उभं केलेलं! भाव पुन्हा वाढला. २३ डिसेंबर १९३४ रोजी सही झाली, सहीपोटी चार लाख पंचाहत्तर हजार रुपये, आणि पुढं टनाला तीन रुपये.

या सगळ्या साहेबांचं पुढं काय झालं, ही गंमत कुणी फारशी सांगत नाही. १९०८ साली मस्जिद-इ-सुलेमानला हिंदुस्थानी शिपाई घेऊन तेलाच्या विहिरीवर पहारा देणारे लेफ्टनंट आर्नोल्ड विल्सन पुढं बगदादला मोठे साहेब झाले आणि मग अँग्लो-पर्शियनमध्ये नोकरीला लागले. उकैरला सगळे रडत असताना वही उघडून बसलेले डिक्सन कुवेतचे पोलिटिकल एजंट झाले आणि निवृत्तीनंतर कुवेत ऑईल कंपनीचे प्रतिनिधी. सरकारी दारावर जन्मभर पहारा दिल्यावर आतली खोली बघावीशी वाटणारच.

डिक्सननी तर कंपनीला कामालाही मदत केली. बहरा नावाच्या जागी कंपनीनं जवळजवळ आठ हजार फूट खणलं, तेल नाही. डिक्सनना स्वप्न पडलं: बंगल्याजवळ एक बोराचं झाड, जमिनीतून वर येणारी एक कबर, तीतून उठलेली बाई. गावातल्या एका म्हातारीनं स्वप्नाचा अर्थ लावला, की ही जागा सोडा, बुरगानच्या वाळूत एकाकी बोराचं झाड आहे तिथं खणा. बुरगानला फेब्रुवारी १९३८ मध्ये तेल लागलं. जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. भूशास्त्रज्ञ म्हणतात, आमचा बुरगानचा विचार आधीच चालू होता. असेलही. डिक्सननी मात्र स्वप्नासकट पुस्तकात छापून टाकलंय. फुलपाखरू शोधणाऱ्या होम्सला हसणाऱ्या कचेरीचा शेवटचा भूगर्भीय अहवाल हा असा.

होम्स कंपनीकडे राहिला नाही. शेख अहमदनं त्याला लंडनमधला आपला प्रतिनिधी नेमलं. म्हणजे ज्या शेखानं सरकारला विचारल्याशिवाय या माणसाला सही देऊ नये म्हणून अकरा वर्षं तारा झडल्या, त्याच शेखाच्या वतीनं हा माणूस आता लंडनमध्ये बसून कंपनीकडे आणि सरकारकडे कामं घेऊन जाऊ लागला. त्याला काय, टेबलाची बाजू बदलली, बॅग तीच. हे काम त्यानं मरेपर्यंत केलं. तो गेला जानेवारी १९४७ मध्ये.

त्याआधी सहा-सात महिने, ३० जून १९४६ रोजी, महायुद्धामुळे अडकून पडलेलं कुवेतचं तेल पहिल्यांदा बाहेर निघालं. शेख अहमदनं आपल्या हातानं चाक फिरवून नळ सोडला. त्यातलं निम्मं तेल अमेरिकन कंपनीचं होतं. ते ज्या जहाजात भरलं त्याचं नाव होतं 'ब्रिटिश फ्युजिलियर'. तीस-पस्तीस वर्षांच्या पत्रव्यवहारात साहेबांनी ज्या एका विशेषणासाठी जिवाचं रान केलं, ते निदान बोटीवर तरी ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं.